कोंबडीचा केसपेपर

जुन्नर तालुक्यात बिबट्याला दवाखाना आहे. माणिकडोहला, धरणाच्या अंगाला, वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. उसात सापडलेला, विहिरीत पडलेला, गाडीखाली आलेला बिबट्या तिथे नेतात. त्याला भूल देतात, वजन करतात, रक्त तपासतात, जखम धुतात आणि जमलं तर पुन्हा रानात सोडतात. सोय उत्तम आहे, तक्रारीला जागा नाही. प्रश्न एवढाच, की याच मुलखात ज्या कोंबडीला रात्री कोणीतरी पाठीला धरून ओढलं, तिला कोण बघतं?

तिला आत्या बघते.

आत्या म्हणजे माझी आत्या. राहणार डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, तळेघरच्या वाटेवर, तालुका आंबेगाव. हा तालुका ज्या गावाच्या नावाचा, ते गाव धरणात गेलं आणि कचेऱ्या घोडेगावात आहेत. खुद्द तालुक्याचं गावच पाण्याखाली असल्यावर सरकारी पत्त्यावर माणसानं किती विसंबायचं? आत्या मुळीच विसंबत नाही. तिचा दवाखाना पडवीत आहे आणि तो चोवीस तास उघडा असतो, कारण पडवीला दारच नाही.

बिबट्याचं नाव निघालंच आहे तर त्याच्या बाजूनंही दोन शब्द बोलले पाहिजेत. कोंबडी जखमी झाली की गावात आधी त्याच्यावर आळ येतो. "वाघ येऊन गेला" म्हटलं की कोंबडीची किंमत आणि मालकाची प्रतिष्ठा, दोन्ही वाढतात. खरा आरोपी बहुधा मुंगूस असतो, रानमांजर असतं, घार असते, नाहीतर शेजाऱ्याचं कुत्रं असतं. पण शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव घेणं वाघाचं नाव घेण्यापेक्षा जास्त धोक्याचं. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. कुत्रं कोंबडीला धरतं आणि बिबट्या कुत्र्याला धरतो, असा हिशेब मांडला तर बिबट्या कोंबडीच्याच पक्षाचा ठरतो. हे मी आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला म्हणावं, कुत्रं धरून झालं की सरळ घरी जायचं. खुराड्याकडं बघायचं न्हाय."

हल्ला होतो तो बहुधा दिवेलागणीला, नाहीतर पहाटे. तिकडे खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्या तरी दीर्घिकेतून निघालेली लहर तिला टिपता येते. पण खुराड्यात कुत्रं शिरून एवढा कालवा झाला तरी ज्याचं कुत्रं मोकळं असतं त्या शेजाऱ्याला तो ऐकू आलेला नसतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

कोंबडी जखमी सापडली की औषध नंतर, आधी बैठक. विषय पत्रिकेवर एकच असतो: औषध का रस्सा?

मामा कायम रस्सापक्षाचे. (मामा म्हणजे आत्याचे यजमान.) ते कोंबडी न्याहाळतात, मान हलवतात आणि अतिशय कळवळून म्हणतात, "आता काय ही जगत न्हाय. उगं मुक्या जीवाला तरास. त्यापरीस..." या 'त्यापरीस'पुढे ते कधीच जात नाहीत. जायची गरज नसते, कारण तोवर त्यांची नजर कांद्याच्या टोपलीकडे गेलेली असते. आत्या म्हणते, "तुमी गुमान बसा." इथे बैठक संपते.

आत्याच्या या भूतदयेमागे अर्थशास्त्र आहे. दुधाचं बिल मामांच्या खात्यात जमा होतं. हिरड्याचे आणि भाताचे पैसेही मामांच्या हातात पडतात. अंड्यांचे पैसे मात्र आत्याच्या पदराच्या गाठीत जातात आणि त्या गाठीवर मामांची सही चालत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते. पोल्ट्रीवाल्याला हा आकडा सांगितला तर तो हसेल. पण हीच कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस जागची हलत नाही, पिल्लं काढते, त्यांना उकिरडा उकरायला शिकवते आणि घार दिसली की पंखाखाली घेते. हे सगळं बिनपगारी. पिल्लं वाढवायला दिवा नको, खाद्याची गोणी नको, कंपनीचा सुपरवायझर नको. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सात वर्षांत 21 कोटींवरून 31 कोटींवर गेल्याचं दिसलं. तज्ज्ञांनी त्याची बरीच कारणं दिली असतील. माझ्या मते 'गुमान बसा' हे त्यांतलं मुख्य.

आता उपचार. आत्या भिंतीला टेकून बसते, कोंबडी मांडीवर घेते आणि तिच्या डोक्यावर पदर टाकते. अंधार झाला की कोंबडी शांत होते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण तोवर जखम धुऊन होते. बिबट्याला भुलीची बंदूक लागते, इथे इरकली पदरावर भागतं. धरणारा नवखा असला तर आत्या त्याला आधी दम भरते, "छाती आवळू नगंस." यात शास्त्र आहे. पक्ष्याच्या छातीपोटात माणसासारखा श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. प्रेमानं घट्ट कवटाळलेली कोंबडी त्या प्रेमानंच गुदमरते.

जखम सहजी दिसत नाही, वर पिसांचं पांघरूण असतं. आत्या कोमट मिठाच्या पाण्यानं पिसं भिजवते, बोटांनी दोन्हीकडे सारते आणि कडेची कात्रीनं कापते. एकदा कुत्र्यानं धरलेल्या एका तलंगेची कातडी पंखाखाली चांगली रुपयाएवढी फाटली होती. कोंबडीची कातडी इतकी पातळ, की कांद्याचा पापुद्रा बरा. आत तांबडं मांस, त्यावर दोन पिसं चिकटलेली आणि कुत्र्याचा एक दात खोल रुतल्याचं भोक. पदर जरा सरकला, तेव्हा कोंबडीनं माझ्याकडे बघून डोळा मिटला. कोंबडीची पापणी खालून वर जाते. आपल्याकडे बघून कोणी असा उलटा डोळा मिटला की उगाचच अपराधी वाटतं. कुत्रं आपलं नसलं तरी.

कोंबडी विव्हळत नाही. दुखणं दाखवलं की शिकारी तिलाच हेरतो, म्हणून ती शेवटपर्यंत काही झालंच नाही असं दाखवत हिंडते. पिसं फुलवून, पंख पाडून कोपऱ्यात उभी राहिली तर समजावं की मामला दोन दिवस जुना आहे. या बाबतीत ती आणि मामा सारखे. मामांच्या पायात काटा मोडलेला घराला कळतो तो पाय सुजल्यावर.

एव्हाना पडवीत सल्लागार मंडळ जमलेलं असतं. एकजण हळद-तेल म्हणतो. दुसरी दगडी पाला चुरगळून रस पिळायला सांगते. तिसरा हिरडा उगाळायला बसतो. या डोंगरपट्ट्यात हिरडा लागू पडत नाही असं दुखणं अजून निघालेलं नाही. चुलीतली राख, चुना, डांबरगोळी घातलेलं टर्पेंटाइन, असं करत करत एका म्हाताऱ्याच्या तोंडून 'डाग द्या' निघतं. तापल्या विळ्यानं डागायचं. त्याला बैलाला डाग द्यायची सवय. माझं निरीक्षण असं आहे, की ज्याच्या घरी कोंबडी नाही त्याचं औषध सगळ्यात जालीम असतं.

वाईट एवढंच, की यातलं निम्मं अगदीच खोटं नाही. हळद जंतूंना आवरते, हिरड्याचा तुरटपणा जखम आवळतो. पण राखेबरोबर उकिरडाही जखमेत जातो, आणि पावसाळ्यात एका दिवसात माश्या अंडी घालून त्यात अळ्या करतात. आत्या सगळ्यांचं ऐकून घेते, 'बरं' म्हणते आणि मिठाच्या पाण्यानं पुन्हा एकदा धुते. मग हळद लावते. मामांची अडचण इथे होते. आत्याच्या दृष्टीनं तो उपचार असतो. मामांना ती निम्मी तयारी वाटते.

भोसरीच्या कंपनीत असलेला पुतण्या व्हिडिओ कॉलवर येतो. त्यानं मोबाइलवर सगळं वाचून काढलेलं असतं.

"काकी, तिला शॉक बसलाय. उबदार, शांत, वेगळ्या खोलीत ठेव. ताण देऊ नको."

"येगळी खोली? आमी दोघं इतकी वर्सं एका खोलीत हाय, आमाला कुणी दिली येगळी?"

"आणि पाणी पाज, गुळाचं."

हा सल्ला बरोबर, पण करायला गेलं तर घात. मामा उत्साहानं चमचा चोचीत घालून ओततात. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. ओतलेलं पाणी पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात जातं, आणि मग मामांचा पक्ष काही न करता विजयी होतो. आत्या चमचा काढून घेते आणि बोट बुडवून एकेक थेंब चोचीच्या कडेला लावते. कोंबडी जीभ हलवते, गिळते. मामा म्हणतात, "मला कधी पाजलं न्हाय असं."

दाताची जखम खोल होती म्हणून तलंगेला दवाखान्यात न्यायचं ठरलं. आता न्यायची कशी? आपल्याकडे कोंबडीच्या प्रवासाचा रूढ प्रकार म्हणजे पाय बांधून मोटारसायकलच्या हँडलला उलटी टांगणे. प्राण्यांना क्लेश होतील अशी वाहतूक म्हणजे क्रूरता, असं सांगणारा कायदा 1960 साली झाला. हँडलपर्यंत तो अजून पोचायचा आहे. आत्यानं तिला कापडी पिशवीत बसवलं, मान तेवढी बाहेर. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं थांबवून विचारलं, "पाव्हणं आलं वाटतं?" दवाखान्यात नेतोय म्हटल्यावर प्रत्येकानं आधी कोंबडीकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि तब्येत नक्की कोणाची बिघडली आहे याचा अंदाज घेतला.

गुरांच्या दवाखान्यात कोंबडी घेऊन जाणं हा सामाजिक धाडसाचा प्रकार आहे. समोर जर्शी गायी, एक म्हैस, एक गोऱ्हा. त्यांचे मालक वजनदार. तुम्ही पिशवी घेऊन रांगेत. मुंबईत परळला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज निघालं 1886 साली, त्याला आता सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला. तरी रांगेतल्या लोकांच्या मते डॉक्टरनं हात लावायचं जनावर गुडघ्याच्या वर उंच असलं पाहिजे. केसपेपर लिहिणाऱ्यानं मान वर न करता सवयीनं विचारलं, "वेत कितवं?"

आत्या म्हणाली, "कोंबडी हाय."

"टॅग नंबर?"

गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, त्याबद्दल तो विचारत होता. आत्यानं पिशवी पुढे केली आणि कोंबडीचा कान शोधायचं काम त्याच्यावर सोपवलं. मग त्यानं मान वर केली.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं जखम धुऊन पाहिली आणि म्हणाला, दाताची जखम पुरती शिवायची नाही, आत घाण कोंडते. वरची फाटलेली कातडी दोन टाक्यांत ओढून घेऊ, भोक खालून उघडं राहू द्या. जांभळा फवारा मारला, पाच दिवसांची पावडर दिली. 'गाडी लागली तर 1962 ला फोन करा, फिरतं पथक येतं' असंही सांगितलं. (महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या त्याच सालाचा हा नंबर. म्हाताऱ्यांच्या लक्षात राहायला सोपा, पण आमच्या डोंगरात आधी फोनची रेंज यावी लागते, गाडी त्यानंतर.) शेवटी डॉक्टर म्हणाला, "आणि हे औषध चालू आहे तोवर आणि त्यानंतरही काही दिवस हिची अंडी खायची नाहीत. मांस तर नाहीच."

मामांनी केसपेपर हातात घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. रस्सापक्षाचा एवढा कायदेशीर पराभव याआधी झाला नव्हता.

निघताना डॉक्टरनं विचारलं, "मानमोडीची लस टोचलीय का?" आम्ही तिघंही छताकडे पाहू लागलो. कोंबडी धरून चौघं.

इथे थोडं गंभीर बोलतो. जखमेवर अख्खी वाडी धावते, कारण ती दिसते. कुत्रं वर्षात दोन कोंबड्या नेईल. मानमोडी आली तर चार दिवसांत खुराडं मोकळं. लस स्वस्त आहे: पिल्लू आठवड्याचं असताना डोळ्यात-नाकात थेंब, पुढे दोनेक महिन्यांनी टोचणी. पण लशीची बाटली येते शंभर कोंबड्यांची, आणि आत्याच्या कोंबड्या अकरा. बाटली बर्फात आणायची आणि फोडली की दोनेक तासांत संपवायची. म्हणजे वाडीतल्या आठ-दहा घरांनी एका दिवशी, एका वेळी, एका अंगणात कोंबड्या धरून जमायचं. ज्या आठ-दहा घरांचं पाण्याच्या टाकीच्या जागेवर एकमत झालं नाही, त्यांनी. म्हणून आपल्या कोंबड्या लशीवाचून राहतात. कुत्र्याला दगड मारायला एकमत लागत नाही.

घरी आल्यावर तलंगेला डालग्याखाली स्वतंत्र डाललं. हे वेगळं ठेवणं दयेपोटी नसतं. कोंबडीला लाल रंग दिसला की राहवत नाही. मैत्रिणीच्या अंगावर लाल जखम दिसली की एकजण सहज टोच मारते, रक्त येतं, मग सगळ्या येतात, आणि कुत्र्यानं अर्धवट सोडलेलं काम संध्याकाळपर्यंत पुरं होतं. जांभळ्या औषधाचा खरा गुण इथे आहे. ते जंतू मारतं ते मारतंच, शिवाय लाल झाकतं.

एव्हाना तलंगेचं नाव 'जांभळी' पडलं होतं. आत्याच्या खुराड्यातली सगळी नावं अशीच जखमांवरून पडलेली आहेत. 'बांडी'ची शेपटी मुंगसानं नेली. 'बोडकी'च्या डोक्यावरची पिसं कोंबड्यानं उपटली. 'लंगडी'चा पाय दारात चेंगरला होता. आत्यानं तुरकाठी उभी चिरून दोन्ही बाजूंना लावली, मध्ये कापूस, वर चिंधी. पक्ष्याचं हाड लवकर सांधतं, तीनेक आठवड्यांत काठ्या सुटल्या. पाय जरा तिरका बसला, पण दाणे टाकले की पहिली तीच पोचते. 'तीनबोटी'ची गोष्ट खास आमच्याकडची. कांद्याच्या गोणीची सुतळी बोटाला अडकली, रोज थोडी आवळत गेली, कोणाच्या लक्षात आली नाही. बोट काळं पडून गळालं. जुन्नर-आंबेगाव दोन्ही तालुक्यांत कांद्यानं भल्याभल्यांना लोळवलंय, कोंबडीचं बोट म्हणजे किरकोळ नुकसान. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये जखमी पक्षी वहीतला एक आकडा होतो. आत्याकडे त्याचं बारसं होतं.

आठवड्यानंतर जांभळीला परत कळपात सोडलं तर नवाच घोळ. एवढ्या दिवसांत बाकीच्यांनी तिला परकी ठरवलं होतं. लंगडीनं मारलं, बांडीनं मारलं, काल अंड्यातून आलेल्यांनीसुद्धा मारून पाहिलं. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते आणि एक जागा रिकामी झाली की खालची प्रत्येकजण एक पायरी वर सरकते. परत आलेलीला आता शेवटून सुरुवात. हे शेल्डरुप-एब्ब नावाच्या एका नॉर्वेकरानं 1921 साली प्रबंध लिहून जगाला सांगितलं. लहानपणापासून तो घरच्या कोंबड्या बघत बसायचा. बिचाऱ्याला भावकी नसावी. आमच्याकडे मुंबईला माथाडीत चार वर्षं काढून गावी परतलेल्या कोणालाही हे प्रबंधाशिवाय ठाऊक आहे: बांधावरची, पंगतीतली, पारावरची, तिन्ही जागा गेलेल्या असतात.

आत्याची यावर युक्ती आहे. दिवसा सोडायचं नाही. रात्री सगळ्या दांडीवर बसून पेंगल्या की अलगद नेऊन मध्ये बसवायचं. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही. सकाळी उठल्यावर ती शेजारी असते आणि ती इथलीच असावी असं बाकीच्या धरून चालतात. पुढे दोन दिवस किरकोळ टोचाटोची, मग शांतता.

चैत्रात जत्रा आली. भोसरीचा पुतण्या दोन मित्र घेऊन आला आणि गावरान रश्श्याचा विषय निघाला. मामा उठून बसले. आत्या म्हणाली, "कोंबडं धरा. पण जांभळीला हात लावायचा न्हाय, ती औषधाची. लंगडी न्हाय, तिचा पाय मी बांधलाय. बांडी खुडूक हाय. बोडकीचं अंडं सुरू झालंय. तीनबोटीला आधीच एक बोट कमी." राहता राहिला तो बोडकीची पिसं उपटणारा कोंबडा. त्याच्या बाजूनं कोणी बोललं नाही.

पुतण्या त्याला धरायला धावला. गोठ्याला तीन फेऱ्या झाल्या, मित्र कुंपणात पडले, आणि शेवटी कोंबड्यानं मागे वळून पायाचा काटा असा हाणला, की पुतण्याचा तळहात उभा फाटला. कोंबडा कौलावर. मामा कौलाकडे बघतायत. आत्यानं पुतण्याला ओढत पडवीत नेलं, मिठाचं पाणी ओतलं आणि जांभळा फवारा काढला.

"काकी, हे कोंबडीचं औषध आहे."

"तिनं कवा तक्रार केली न्हाय."

टीटीचं इंजेक्शन घ्यायला त्याला तळेघरच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं, रात्री पिठलं-भाकरी झाली, कोंबडा अंधार पडल्यावर आपला आपण खाली उतरला. सोमवारी पुतण्या कामावर गेला. जांभळं औषध धुऊन जात नाही. बोटापासून मनगटापर्यंत रंगलेला हात पाहून गेटवरच्या सिक्युरिटीनं विचारलं, "साहेब, एवढी मतं कुणाला टाकून आलात?"